सहा आठवडे, तीनशे ताटं

माझं आडनाव घाटे. मॅनेजमेंट शिकवणाऱ्या कॉलेजात या आडनावाची बाई नोकरीला असली की काय होतं ते रायपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. हिंदीत घाटा म्हणजे तोटा. दर वर्षी नव्या बॅचच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजायचं, "बिज़नेस सीखने आए, और मिलीं घाटे मैडम," आणि पुढची दोन मिनिटं वर्ग माझ्या हातात नसायचा. ती दोन मिनिटं मी त्यांना देऊन टाकत असे. पुढचे सहा आठवडे मला त्यांच्याकडून बरंच काही मागायचं असे.

मी शिकवणारी नव्हते, तो एक तास फक्त माहिती द्यायला जायची. माझं टेबल कॉलेजच्या ऑफिसात होतं, खिडकीशेजारी. माझ्या कामाला मराठीत धड नाव नाही. बूढापाऱ्यात आमच्या घरी पाहुणे आले की नवरा सांगायचा, "ही पोरांना खेड्यात पाठवते." तो रेल्वेतला माणूस, त्याला पाठवणं आणि पोचवणं एवढंच कळायचं. पण त्याचं म्हणणं फारसं चूक नव्हतं.

आमच्या अभ्यासक्रमात नियम असा होता की नफा-तोटा, जाहिरात, बाजार हे सगळं शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने सहा आठवडे समाजाच्या उपयोगाचं काहीतरी काम करायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा. पाणी, कचरा, बचत गट, हातमाग, काहीही. कारखान्यांनाही आता समाजासाठी खर्च करावा लागतो. तो खर्च कामी आला की नाही हे पाहायला त्यांना माणसं हवी असतात, आणि आम्हांला पोरांसाठी जागा हव्या असतात. दोघांची गाठ घालून देणं हे माझं काम. थोडक्यात, मी स्थळं जुळवायची.

स्थळ पाहताना मी तीन गोष्टी विचारायची. मुलींसाठी संडास कुठे आहे? दुपारी जेवायचं काय? आणि हे काम मागितलं कुणी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळत. तिसऱ्याला लोक इकडे-तिकडे पाहायचे, कारण बहुतेक वेळा ते काम कुणीच मागितलेलं नसे.

माझ्या टेबलाशी तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. एका मुलाला गायींसाठी ॲप काढायचं होतं. गाय कुठे चरते आहे ते मालकाला फोनवर दिसावं. मी त्याला एका गुराख्याकडे पाठवलं. चार दिवसांनी तो परत आला आणि म्हणाला, "मैडम, उसको पहले से मालूम है।" एकदा एक गृहस्थ आले, मुलीला खेड्यात पाठवू नका म्हणाले, ती उन्हात आजारी पडते. मुलगी मागे उभी राहून मला हातानेच खुणावत होती की ऐकू नका. तिला पाठवली. आजारी पडली नाही, काळी मात्र झाली. तेच गृहस्थ पुढे पेढे घेऊन आले. आणि झाडं लावण्याचं तर विचारूच नका. एका गावी सलग चार वर्षं आमच्या चार बॅचनी रोपं लावली आणि चौथ्या वर्षी फोटो शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा माझ्या लक्षात आलं की खड्डे तेच होते. गावकऱ्यांनी ते आमच्यासाठी जपून ठेवले होते.

या गोष्टी सांगायला सोप्या आहेत, लोक हसतात. पण नोकरी सुटून दोन वर्षं झाली तरी मला आठवते ती ताटांची गोष्ट.

रायपूरजवळच्या अभनपूरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक गाव आहे. नाव सांगत नाही. गावात मोठं तळं, तळ्याच्या अलीकडे मोठा पारा आणि पलीकडे छोटा पारा. पारा म्हणजे आपल्याकडची वस्ती. गावात लग्न असो, बारसं असो की दशक्रिया, जेवण झालं की थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास तळ्याकाठी जाऊन पडायचे. गायी ते खायच्या. एका कारखान्याने उपाय काढला, आणि उपाय खरोखर चांगला होता. त्यांनी गावातल्या बायकांच्या गटाला तीनशे माणसांचा स्टीलचा संच दिला, ताटं, वाट्या, ग्लास सगळं. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने गटाकडून भांडी न्यावीत, वापरून घासून परत द्यावीत. याला सगळे बर्तन बँक म्हणायचे.

वर्षभराने कारखान्याचा फोन आला. भांडी कुणी नेत नाही, पंचायतीच्या खोलीत पडून आहेत. तुमचे विद्यार्थी पाठवा आणि कारण शोधा.

मी दोघांना निवडलं. निधी ही गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. लहानपणापासून कढया आणि परातींमध्ये वाढलेली, म्हणून मला वाटलं ही योग्य. दुसरा तन्मय, आमच्यातलाच, मराठी घरचा. आजोबा विदर्भातून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. मी त्याच्याशी मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. इथल्या मराठी पोरांचं हे असंच आहे. समजतं सगळं, पण जिभेवर येत नाही.

तिसरे रामटेके भाऊ. हे आमच्या कॉलेजच्या गाडीचे ड्रायव्हर. मूळचे भंडाऱ्याकडचे. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून हा सगळा भाग हिंडले. कुठल्या गावात रस्ता खचला आहे, कुठे चहा बरा मिळतो, कुठला सरपंच वेळेवर भेटतो, हे मला त्यांच्याकडूनच कळायचं.

पहिल्या भेटीत गावाने आमचं छान स्वागत केलं. गटाची अध्यक्ष बिसाहिनबाई, पन्नाशीची, ठसठशीत, मोठ्या पाऱ्यातली. पोरांनी प्रश्नांची यादी काढली होती. भांडी जड वाटतात का? घासायला पाणी कमी पडतं का? थर्माकोल वाईट आहे हे माहीत आहे का? बायका सगळ्याला "हव" म्हणाल्या.

बाहेरून येणाऱ्याने हा हव नीट समजून घ्यावा. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. पण तो "तुम्ही म्हणता ते ऐकू येतंय" असाही असतो, आणि "आता उठा, मला स्वयंपाक आहे" असाही. मी इथे जन्मले, तरी त्या दिवशी मलाही फरक कळला नाही.

दुपारी सरपंचाच्या घरी जेवण झालं. भात, डाळ, जिमीकंदाची, म्हणजे सुरणाची, भाजी. रामटेके भाऊंना बोलावलं तर ते म्हणाले, "माझा डबा आहे, मॅडम." ते नेहमी डबा आणायचे. मला वाटायचं यांना साखरेचा त्रास असेल, किंवा बायकोच्या हातचं आवडत असेल. मी कधी खोलात गेले नाही.

दोन आठवड्यांत पोरांनी निष्कर्ष काढला. लोकांमध्ये जागृती नाही. त्यांनी सुंदर योजना आखली. भिंतींवर घोषणा, शाळेतल्या मुलांची फेरी, एक गाणं. मी ती वाचली आणि पसंत केली. त्यावर माझी सही आहे.

तिसऱ्या भेटीत निधीने पंचायतीच्या खोलीतली ताटं बाहेर काढायला लावली. तिला फोटो हवे होते. ताटं उचलताना ती थांबली. दुकानदाराची मुलगी ती, भांडं हातात आलं की आधी उलटं करून बघायची. चाळीसेक ताटांच्या बुडाशी लाल ऑइलपेंटचा ठिपका होता. बाकीच्यांना नव्हता. तिने बिसाहिनबाईला विचारलं, हे काय? बिसाहिनबाई म्हणाली कारखान्याने तसंच पाठवलं असेल. आणि पदर खोचून आत निघून गेली. तोवर ती आम्हांला चहा घेतल्याशिवाय कधी सोडत नव्हती. त्या दिवशी चहा आला नाही.

परतताना गाडीत दोघांची चर्चा चालू होती. तन्मयचं मत पडलं की हे मालाच्या वेगवेगळ्या खेपांचं निशाण असणार, वर्गात शिकवलं आहे. निधी म्हणत होती की कारखान्यातला रंग असा हाताने लावलेला नसतो, बोटाचा ठसासुद्धा दिसत होता. मी बाहेर धान पाहत होते. रामटेके भाऊंनी अभनपूरला गाडी चहाच्या टपरीशी उभी केली. इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.

"मॅडम, तो मालाचा निशाण नाही," ते समोर बघत म्हणाले. "आमच्या गावात हॉटेलात आमच्या लोकांच्या कपाच्या कानाले सुतळी बांधून ठेवत होते. म्हणजे कप मिसळू नये. हा त्यातलाच प्रकार आहे."

 तन्मयला सुतळीचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला असावा. मग तो एकदम खाली बघू लागला.

मग भाऊंनी आम्हांला ते सावकाश समजावून सांगितलं. छोट्या पाऱ्यातल्या कुणीतरी कार्यासाठी ताटं नेली असणार. ती परत आल्यावर त्यांना ठिपका लागला, मोठ्या पाऱ्यात जाऊ नयेत म्हणून. छोट्या पाऱ्याने ठिपका पाहिला आणि ते पुन्हा आले नाहीत. मोठ्या पाऱ्यालाही भरवसा नाही, न जाणो एखादं ताट मिसळलं असेल. थर्माकोलचं बरं असतं. एकदा खाल्लं की फेकलं. कुणी खाल्लं होतं, हा प्रश्नच उरत नाही. "तुमचे पोट्टे गाण्यानं जागृती करून राहिले," ते म्हणाले, "पण लोकं जागेच आहेत, मॅडम."

"तुम्हांला कधी समजलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. तळ्याच्या दोन बाजूला दोन हापशा दिसल्या, तेव्हाच."

"मग सांगितलं काहून नाही, भाऊ?"

त्यांनी आरशात मागे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाजात राग नव्हता. "तुम्ही विचारलं नाही," ते म्हणाले. "मले वाटलं, मॅडमले माहीत असल. अकरा वर्षं झाले, मी गाडीतच जेवून राहिलो."

चहा कुणी प्यायला आणि पैसे कुणी दिले, मला आठवत नाही. रायपूर येईपर्यंत मी त्या अकरा वर्षांतली गावं एकेक करून आठवत होते, आणि प्रत्येक गावी भाऊ कुठे बसले होते ते आठवायचा प्रयत्न करत होते. बऱ्याच ठिकाणचं मला आठवलंच नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आपण त्यांना घरी तरी कधी जेवायला बोलावलं? बोलावलं नव्हतं. कारण काही नव्हतं. सुचलं नव्हतं, एवढंच, आणि हे उत्तर मला अजूनही पुरेसं वाटत नाही.

पुढच्या भेटीला निधीने प्रश्नांची यादी नेली नाही. ती बिसाहिनबाईच्या परसात जाऊन तिच्याबरोबर भाजी निवडत बसली. मी बाजेवर. तन्मयला तिने मुद्दाम गाडीशी थांबवलं होतं. तासाभराने, भाजी संपल्यावर, बिसाहिनबाई आपणहून बोलली.

"ठिपका मैंच लगाए हंव, नोनी." मीच लावला, पोरी.

गटात दोन्ही पाऱ्यांच्या बायका होत्या, आणि सुरुवातीला सगळ्यांनी मिळून भांडी वापरायचं ठरवलं होतं. छोट्या पाऱ्यातल्या एकीच्या सासऱ्याच्या दशक्रियेला चाळीस ताटं गेली. स्वच्छ घासून परतही आली. मग बिसाहिनबाईच्या दिराच्या घरी लग्न निघालं. दीर म्हणाला, ती ताटं वेगळी काढल्याशिवाय माझ्या दारात भांडी आणायची नाहीत, आणि वहिनीने गटाच्या नादी लागून घराण्याचं नाव घालवू नये. तिने घरात उरलेला दाराचा रंग घेतला आणि बोटाने ठिपके लावले. नंतर गटाच्या बैठकीला छोट्या पाऱ्याच्या बायका आल्या, त्यांनी ताटं उलटी करून पाहिली, आणि एक शब्द न बोलता उठून गेल्या. त्यातली एक तिची लग्न होऊन या गावात आल्यापासूनची मैत्रीण. वर्ष झालं, तळ्यावर समोरासमोर आल्या तरी ती मैत्रीण बोलत नाही.

"झगरा करतिस त बने लागतिस," बिसाहिनबाई म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

निधीने तिला काही उपदेश केला नाही, याचं मला अजून कौतुक आहे. ती एवढंच म्हणाली की रंग थिनरने निघतो, पप्पांच्या दुकानात आहे, आणून देते. बिसाहिनबाई म्हणाली, आण. पण गुपचूप पुसायचा नाही. लावला तेव्हा कुणाला दिसला नाही, पुसताना सगळ्यांना दिसू दे.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. अहवालात पोरांनी हे सगळं लिहिलं. विभागप्रमुखांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, सादरीकरणाला कारखान्याचे लोक येणार, गावाची बदनामी होईल, पुढच्या वर्षी जागा मिळणार नाही. मला पटलं. त्याहून खरं म्हणजे, मला सोपं वाटलं. मी निधीला सांगितलं, "सामाजिक कारणे" एवढंच लिही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तसं लिहिलं.

सादरीकरणाच्या दिवशी कारखान्याकडून एक वयस्क अधिकारी आले होते. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं. ही सामाजिक कारणं म्हणजे नेमकं काय?

निधीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या फाइलकडे पाहिलं.

उत्तर तन्मयने दिलं. "सर, लोग एक-दूसरे की जूठी नहीं, धुली हुई थाली में भी नहीं खाना चाहते। हमने तीन हफ्ते पूछा ही नहीं। हमारे ड्राइवर साहब पहले दिन से जानते थे। उनसे भी नहीं पूछा।"

विभागप्रमुखांनी घसा खाकरला.  अधिकाऱ्यांनी ड्रायव्हर साहेबांचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. म्हणाले, आमची माणसं वर्षभर त्या गावात जात होती, त्यांनी मला फक्त फोटो दाखवले. पोरांच्या पहिल्या योजनेतलं भिंतींवरच्या घोषणांचं काम त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. गावाची बदनामी झाली नाही आणि जागाही गेली नाही. पोरांना गुण मात्र बेताचेच मिळाले, कारण उपाययोजनेच्या पानावर त्यांनी एकच ओळ लिहिली होती की गावाला वेळ द्यावा. एवढ्यावर जास्त गुण देता येत नाहीत, असं परीक्षकांचं मत.

सहा आठवडे संपले. नियमाप्रमाणे आमचा त्या गावाशी संबंध संपला.

पण महिन्याभराने निधीला बिसाहिनबाईचा फोन आला. तिला नात झाली होती, शनिवारी छट्ठी, म्हणजे सहाव्या दिवसाचं जेवण. दोन्ही पाऱ्यांना आमंत्रण आहे आणि ताटं बँकेची. आधी सकाळी पंचायतीसमोर ठिपके पुसणार. दिराने सांगितलं आहे की तो येणार नाही आणि दुसऱ्यांनाही येऊ देणार नाही. तुम्ही या. आणि ड्रायव्हर भैयाचं नाव काय, त्यांनाही माझ्याकडून सांगा.

मी रामटेके भाऊंना आमंत्रण दिलं. सुट्टीचा दिवस होता, कॉलेजची गाडी मिळणार नव्हती. ते म्हणाले, आमच्या भाच्याची गाडी आहे, मी चालवतो. शनिवारी पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी पहिल्यांदाच त्यांना खाकीशिवाय पाहत होते.

आम्ही पोचलो तेव्हा पंचायतीसमोर बिसाहिनबाई, तिची सून वगळता घरच्या बायका आणि गटातल्या मोठ्या पाऱ्याच्या चार-पाच जणी जमिनीवर बसून चिंध्यांनी ताटं पुसत होत्या. थिनरचा वास सुटला होता. चबुतऱ्यावर पुरुष बसून बघत होते.  निधी आणि तन्मयही बसले. मीही बसले. ठिपका सहज निघत नव्हता, जोर लावावा लागत होता, आणि कडेला थोडा गुलाबी डाग उरत होता. तो कापूर लावून घासला की जातो, असं निधीने सांगितलं. ते खरं होतं की तिने तिथेच शोधून काढलं, कुणास ठाऊक. डाग गेला खरा.

दुपारी अंगणात पंगत मांडली. भात उतरला, डाळ उतरली, बडा, म्हणजे उडदाचा वडा, तळून झाला. मोठ्या पाऱ्यातून मुलं आली, काही बायका आल्या, पुरुष थोडेच. दीर आला नाही. तळ्यापलीकडून कुणीच आलं नाही. भाताची वाफ गेली तरी बिसाहिनबाई पंगत बसवेना. ती फाटकाशी उभी होती, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. मला आत काळजी वाटू लागली की आमच्या पोरांनी या बाईला यात ढकललं तर नाही. तन्मय माझ्याशेजारी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, कोणी नाही आलं तर?" मराठीत म्हणाला. घाबरला होता म्हणून आलं असेल. मी म्हटलं, तर आपण जेवू. आपल्यालाही भूक लागली आहे.

मग तळ्याच्या बांधावरून एक म्हातारी येताना दिसली, दोन सुनांना घेऊन. मागे तिची मुलगी, आणि ही मुलगी म्हणजेच बिसाहिनबाईची मैत्रीण. फाटकाशी येऊन ती मैत्रीण थांबली. बिसाहिनबाईने तिला आत ये म्हटलं नाही. तिने बाजूच्या गठ्ठ्यातलं वरचं ताट उचललं, उलटं करून तिच्यासमोर धरलं. मैत्रिणीने ते हातात घेतलं, अंगठ्याने बुड घासून पाहिलं, आणि म्हणाली, "भात जुड़ागे होही." भात थंड झाला असेल. बस, एवढंच. आत जाऊन पंगतीत बसली. तिच्यानंतर हळूहळू बरेच आले.

रामटेके भाऊ माझ्या डाव्या हाताला बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही शेजारी जेवलो. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, माफीसारखं. ते म्हणाले, "डाळीत मीठ कमी आहे, मॅडम." मी मीठ मागवलं. दोघांनी घेतलं. माफी मी नंतर मागितली, आमच्या घरी, ते आणि त्यांच्या मिसेस जेवायला आल्या तेव्हा. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विषय बदलला. तेवढं बरोबरच होतं.

जेवणं झाल्यावर बायकांनी हापशीवर भांडी घासायला घेतली. दोन्ही पाऱ्यांच्या मिळून. थोड्या अंतरावर बसल्या होत्या, अगदी खांद्याला खांदा नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू. सगळं एका दिवसात बदललं असंही नाही. त्या गावात मोठ्या लग्नांना आजही थर्माकोल येतो, आणि दिराने पुढे दोन वर्षं वहिनीकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. पण त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा ताटं तळ्याच्या दोन्ही बाजूंना जाऊ लागली, आणि मी नोकरी सोडेपर्यंत तरी जात होती.

उन्हं उतरताना ताटं मोजून रचायचं काम चाललं होतं. निधी मोजत होती. तिने दोनदा मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. दोन ताटं कमी भरली. ठिपके पुसल्यावरच्या पहिल्याच कार्यात तूट, आणि तीही आज. तिला वाटलं आता कुणीतरी कुणाचं तरी नाव घेणार, छोटा पारा म्हणणार मोठा पारा, मोठा म्हणणार छोटा, आणि सगळं पुन्हा विस्कटणार. ती बिसाहिनबाईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, दीदी, दो थाली कम हैं.

ते ऐकून बिसाहिनबाई हसू लागली. इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मैत्रीण हात पुसत आली, काय झालं विचारू लागली. तिला सांगितल्यावर तीही हसली.

"कोनो घर ले गे होही," बिसाहिनबाई म्हणाली. कुणीतरी घरी नेली असतील. मग निधीला समजेल अशा हिंदीत, एकेक शब्द सावकाश म्हणाली, "नोनी, जिस थाली को छूने में घिन आए, उसको कोई चोरी करके घर ले जाता है क्या?"

परतीच्या वाटेवर रामटेके भाऊंना मी हे सांगितलं. ते गाडी चालवत बराच वेळ स्वतःशीच हसत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे कुठंतरी लिहून ठेवा." अहवाल तोवर जमा झाला होता, त्यात जागा नव्हती. म्हणून इथे लिहिलं.